पातेल्यातलं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते. कढई नीट तापली नाही तरी मी ओरडते आणि जास्त तापली तरी ओरडते. हिंगणघाटात लग्नाच्या जेवणासाठी चार-पाच नावं घेतली जातात, त्यात बावीस वर्षांपासून माझं, सुनीतीताईंचं, नाव आहे. ते असंच नाही मिळालं. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या साहेबांच्या मुलीच्या साखरपुड्याला मी पन्नास माणसांचा स्वयंपाक केला आणि तेव्हा जी चुलीपुढे उभी राहिले ती अजून उभीच आहे.

माझ्या कामात एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. ताटातलं वेगळं, पातेल्यातलं वेगळं. लोकांच्या ताटात उरलं ते उष्टं, ते ढोरांना. पातेल्यात उरलं त्याला झाऱ्याशिवाय काही लागलेलं नसतं, ते चांगलं अन्न. माझ्या बाया ते डब्यात भरून घरी न्यायच्या, मीसुद्धा न्यायचे, त्यात कसली आली लाज. एकटी माधवी न्यायची नाही.

माधवी माझ्याकडे आठ वर्षं होती. सगळ्या बायांची मुख्य तीच. तिच्या हातची वांग्याची भाजी खाऊन लोक हात धुवायला उठायचे आणि परत येऊन बसायचे. तिला डबा भर म्हटलं की म्हणायची, "राहू द्या ताई, घरी सैपाक झाला असन." मला वाटायचं, भिडस्त आहे. आठ वर्षांत मी एकदाही नीट बसवून विचारलं नाही, का नेत नाहीस म्हणून.

मागच्या एप्रिलमध्ये एका लग्नाला बाराशे माणसांचं जेवण सांगितलं होतं आणि आली जेमतेम आठशे. त्याच दिवशी गावात आणखी सहा लग्नं होती आणि ऊन तर विचारूच नका. दुपारी तीनला मी झाकणं उघडून बघितली आणि मला रडूच आलं. अर्धं पातेलं मसालेभात, तेवढीच भाजी, पुऱ्यांच्या दोन टोपल्या आणि माधवीने पहाटेपासून उभं राहून तळलेली परातभर जिलबी. लग्नघरची मंडळी वरातीच्या गडबडीत. ते म्हणाले, तुम्हीच लावा विल्हेवाट.

निशांत तिथेच होता. हा माझ्या बहिणीचा मुलगा, माझ्या धंद्याची जाहिरात बघतो. तो म्हणाला, "मावशी, आजकाल केटरिंगवाल्यांनी समाजासाठी काही केलेलं दिसलं पाहिजे. नागपूरचे सगळे करतात. अन्न वाया नाही जाणार, आणि चार लोकांना कळेल पण."

मला पटलं. खोटं कशाला बोलू, अन्न वाया जाणार नाही हे जितकं पटलं तितकंच चार लोकांना कळेल हेही पटलं. मी माधवीला म्हटलं, "तुमच्या वस्तीत नेऊ. टेम्पो आहेच."

ती जिलबीच्या परातीची कड पुसत होती. थांबली. "आमच्याकडे काऊन ताई? स्टेशनाकडे नेऊ ना. तिथं लय लोक राह्यतात बसून."

"स्टेशनावर कोण ओळखीचं आहे? इथे तू आहेस, नीट वाटप होईल."

"पण ताई..."

"पण काय? उष्टं नाही देत गं मी कोणाला, पातेल्यातलं देते." हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं. ती परत परात पुसायला लागली. मालकिणीला दोनदा नाही म्हणणं तिला जमलं नाही, आणि एकदा म्हटलेलं नाही मला ऐकू आलं नाही.

चार वाजता वस्तीच्या तोंडाशी, बुद्धविहाराच्या पलीकडे, टेम्पो लावला. पोरं धावत आली. मोठी माणसं थोडी आली, थोडी दारातूनच बघत राहिली. निशांतने सगळ्यांना रांगेत उभं केलं. मी स्वतः वाढलं. पहिली माधवीची मैत्रेयी होती, दहा वर्षांची, हातात स्टीलचा डबा, दोन्ही वेण्यांना लाल फिती. तिच्या डब्यात जिलबी घालताना निशांत म्हणाला, इकडे बघा, आणि आम्ही दोघींनी हसून तिकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. मी पाच प्रती आणवल्या.

त्यानंतर माधवी कामाला आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. फोन बंद. माझ्यासमोर दोन लग्नं आणि एक वास्तुशांत. चौथ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिच्या घरी गेले. सबंध रस्ता काय काय बोलायचं त्याची तालीम करत होते.

दारात तिचा नवरा नागसेन भेटला. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे, एरवी कधी या वेळी घरी नसतो. त्याचा चेहरा बघून माझी तालीम घशातच राहिली.

"बाबा जेवून नाई राह्यले ताई," तो म्हणाला. "चार दिवस झाले."

बाबा म्हणजे त्याचे वडील, रामाजी. चौऱ्याऐंशीचे. गिरणीतून निवृत्त झालेले, ताठ चालणारे, दर सकाळी विहारात बसून म्हाताऱ्या मंडळींना पेपर मोठ्याने वाचून दाखवणारे. मी त्यांना चार-दोनदा पाहिलं होतं. पांढरा सदरा, खिशाला पेन.

माधवीने मला आत स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या दिवशी मैत्रेयी डबा घेऊन घरी आली. रामाजींना जिलबी फार आवडते. सासऱ्यांना माधवी मामाजी म्हणते. मामाजी रात्रीच्या जेवणाला बसले तेव्हा तिने ताटात दोन वेढे ठेवले. त्यांनी विचारलं, कुठून आली? ती म्हणाली, ताईनं देल्ली. त्यांना वाटलं, मी घरी केली आणि आठवणीने पाठवली. दोन्ही वेढे खाल्ले. म्हणाले, तुह्या ताईले सांगजो, मस्त झाली म्हणा. वर आणखी एक मागून घेतला.

सकाळी विहारात त्यांनी नेहमीसारखा पेपर उघडला. मथळा मोठ्याने वाचला: लग्नातील उरलेल्या अन्नाने भागविली गरिबांची भूक. बाजूचे एकदोघे म्हणाले, कोण्या गावचं हो? त्यांनी चष्मा नीट केला आणि खालचा फोटो बघितला. वस्तीचा रस्ता, मागे विहाराचं फाटक आणि पुढे त्यांची नात, डबा घेऊन. पेपर घडी करून ठेवला, घरी आले आणि खाटेवर आडवे झाले. त्या दुपारी ताट समोर आलं, घास उचलला, तोंडात घातला आणि बाहेर जाऊन टाकून आले. तेव्हापासून असंच चाललं होतं. पाणी घेत होते, चहा अर्धा कप. घास गेला नव्हता.

"त्यायले हे चालत नाई, मले ठाऊक होतं," माधवी म्हणाली. "म्हणून तर मी कधी नेलं नाई. त्या दिवशी पोट्टीनं आणली, मले वाटलं सांगतलं नाई तर काय होते. म्याच वाढली ताई. ह्या हातानं."

मी तिला काय सांगणार होते? माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि ती घेऊन मी बाहेर रामाजींच्या खाटेजवळ गेले. मला तेव्हा खरंच वाटत होतं, एवढं समजावून सांगितलं की सुटेल.

ते उठून बसले. मला खुर्ची द्यायला लावली, मैत्रेयीला पाणी आणायला सांगितलं. गाल बसले होते, पण सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या होत्या.

मी म्हटलं, "बाबा, तुमचा गैरसमज झालाय. ते उष्टं नव्हतं. मी उष्टं कोणालाच देत नाही. ते पातेल्यातलं होतं, कोणाचा हातही लागला नव्हता."

ते जरा हसले. रागाने नाही. लहान मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर हसतात तसं हसले.

"मालकीणबी असंच म्हणे," ते म्हणाले.

"कोण मालकीण?"

"अल्लीपूरची. आमचं गाव ते. मी सात वर्षांचा असन. मालकाच्या पोरीचं लगन होतं. माय मले घेऊन गेलती. मांडवाच्या मांगं आमचे लोक उभे, हातात आपापलं भांडं. सकाऊनपासून उभे होतो. वास येऊन राह्यला, आतल्या पंगती उठून राह्यल्या, अन् आम्ही उभे. मंग मालकीण आली. चांगली बाई होती हो, मी तिले वाईट नाई म्हणत. म्हणे, उष्टं नाई देत तुमाले, पातेल्यातलं देतो. अन् मायनं भांडं पुढं केलं."

माझे कान तापले. तेच शब्द, अगदी तेच, मी चार दिवसांपूर्वी परात पुसणाऱ्या माधवीला ऐकवले होते.

"छप्पन सालात आम्ही नागपूरले गेलतो, दीक्षेले. मी सोळाचा होतो. वापस आलो अन् मायनं ते भांडं नदीत नेऊन टाकलं. मले म्हणे, रामा, आतापासून बोलावल्याबगर जेवाचं नाई, अन् दुसऱ्याच्या मागून उरलेलं तोंडात घालाचं नाई. अडुसष्ट वर्षं झाले. लगनाले गेलो तर पहिल्या पंगतीले बसलो. उशीर झाला तर उपाशी वापस आलो. नागसेनची माय चिडे माह्यावर."

"पण तुम्हाला माहीत नव्हतं ना बाबा. फसवून दिलेल्याचं पाप लागत नाही. तुमचा काय दोष?"

"दोष तुमचाबी नाई बाई. सूनबाईचाबी नाई. मी उपास नाई करून राह्यलो, कोणावर रागबी नाई. मले भूक लागते. सकाऊन लागते, संध्याकाळी लागते. पण घास घेतला का घसा बंद होते. मी काय करू त्याले?" आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून, म्हणाले, "द्याचंच होतं तर पहिले द्याचं होतं. पत्रिका द्याची होती. आम्ही आलो असतो, चांगले कपडे घालून."

रागावली असती ती माणसं, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. भांडण मला जमतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले. माझे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पिठाची भाकर मी थापली. मऊ भात केला, वर साधं वरण, तूप. मुगाची खिचडी केली. ताकातली कढी केली. ते प्रत्येक वेळी हात धुवून बसायचे, माझ्याकडे बघून घास घ्यायचे, चावायचे, चावायचे, चावतच राहायचे. मग हळूच उठून न्हाणीत जायचे. परत येऊन म्हणायचे, "चव लय मस्त आहे बाई." माफी मागितल्यासारखं म्हणायचे, आणि ते ऐकून मला चुलीत हात घालावासा वाटायचा.

नागसेनने त्यांना दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही, पोटात काही नाही, घरी न्या आणि जरा मन रमवा. ऊन चढतच होतं.

मी निशांतला म्हटलं, फोनवरून सगळ्यांना दाखवतोस तो फोटो काढून टाक. त्याने आमच्याकडून काढला. पण तोवर तो गावातल्या सगळ्या फोनांत फिरला होता, लोक त्याखाली हात जोडल्याची चिन्हं टाकत होते. पेपर तर छापून झालेला. वाण्याच्या दुकानात त्याच पानात बांधून मला एकदा फुटाणे मिळाले. मैत्रेयीला शाळेत पोरी विचारत होत्या, तुह्या घरी जेवाले नाई काय? ती त्या लाल फिती परत बांधायला तयार नव्हती.

आणि अशातच गावातल्या एका मंडळाचा फोन आला. सामाजिक बांधिलकी जपणाऱ्या व्यावसायिकांचा सत्कार, त्यात माझं नाव. नाही म्हणायला पाहिजे होतं. तोंडाशी आलंही होतं. पण का नाही, असं विचारलं असतं तर कुठून सुरुवात करणार होते? माझे यजमान म्हणाले, गावात राहायचं आहे, जाऊन ये. मी गेले. शाल घेतली, नारळ घेतला. मागच्या पडद्यावर तोच फोटो, भिंतीएवढा. माझी आणि मैत्रेयीची दोघींची हसरी तोंडं. लोक टाळ्या वाजवत होते. मी माइकवर "धन्यवाद" म्हटलं आणि खाली उतरले. एवढी बडबडी बाई मी, बावीस वर्षं आचाऱ्यांना शिव्या घालत आलेली, आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही.

त्या आठवड्यात समुद्रपूरला लग्न होतं. तिथेही उरलंच. अठरा-वीस माणसांचा भात, भाजी. मी त्या पातेल्यासमोर झाकण हातात धरून उभी राहिले. कोणाला देऊ? कसं देऊ? आणि नाही दिलं तर काय करू? बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी कार्यालयाच्या मागे खड्डा खणून पुरलं. मी आयुष्यात अन्न पुरलं नव्हतं. माती ओढताना विमलाबाई, माझ्या जुन्या कामवाल्या, डोळ्याला पदर लावत होत्या आणि मला त्यांच्यावर ओरडायचीही ताकद नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात रामाजींचं ते वाक्य आलं. पहिले द्याचं होतं.

चार दिवसांनी समुद्रपुरातच दुसरं लग्न होतं. आमच्या कामात एक पद्धत आहे. स्वयंपाक तयार झाला की पहिलं पान देवाचं. नैवेद्य निघाल्याशिवाय कोणीही, अगदी नवरदेवसुद्धा, घास घेत नाही. मी ही पद्धत कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मी भाताचं पातेलं उतरल्याबरोबर, नैवेद्याच्याही आधी, वरचा भात काढला, वरण काढलं, भाजी काढली, डबा गच्च लावला आणि निशांतला गाडी काढायला सांगितली. घरच्या देवाची मनातल्या मनात माफी मागितली. पाऊण तास डबा मांडीवर धरून बसले, साडीतून चटके लागत होते.

रामाजींना आता उठून बसता येत नव्हतं. नागसेनने त्यांना पाठीला धरून बसवलं. मी डबा उघडला, वाफ आली.

"बाबा, हे लग्नातलं आहे. पण अजून कोणी जेवलेलं नाही. पहिलं तुमचं काढलं."

त्यांनी वाफेकडे बघितलं. "देवाले दाखवलं?"

"नाही. त्याच्याही आधी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं काऊन केलं बाई? मी देव मानत नाई. तुमी मानता ना."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हात पुढे केला. माधवीने हातावर पाणी घातलं. त्यांनी भात-वरण कालवलं, लहानसा घास केला, तोंडात घातला. ते चावत राहिले. मग गळ्याची ती गाठ वर गेली आणि खाली आली. घास गेला. मैत्रेयीने टाळी वाजवली. माधवी माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं.

दुसरा घास त्यांनी उचलला. तो तोंडापर्यंत नेला आणि थांबले. मग पहिलाही बाहेर आला, सदऱ्यावर, माझ्या हातांवर. त्यांना फार त्रास झाला. नागसेनने त्यांना आडवं केलं. मी ओल्या फडक्याने त्यांची हनुवटी पुसत होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"माफ करजो पोरी," ते म्हणाले. "तुवा लय केलं. माह्यानं नाई होत."

पोरी म्हणाले ते मला. मी बाहेर येऊन त्यांच्या ओट्यावर बसून रडले, लोक बघत होते तरी रडले. हजार माणसांचा स्वयंपाक मी डोळे मिटून करते. एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात मला एक घास घालता येत नव्हता, आणि त्याला भूक लागलेली होती.

सहा दिवसांनी रामाजी गेले. कागदावर वय झालं असंच लिहिलं आणि वय झालंच होतं. वस्तीत मला कोणी काही बोललं नाही. नागसेनने मला फोन करून कळवलं, तेही मोठ्या बहिणीला कळवावं तसं. मी म्हटलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशीचं जेवण मला करू दे, माझ्याकडून. तो म्हणाला, "नका ताई. वस्तीतले लोकच करून राह्यले. तुमी जेवाले या. रविवारी, बारा वाजता. बोलावणं आहे तुमाले."

रविवारी मला अल्लीपूरला लग्नाचं काम होतं, चार महिन्यांपूर्वी ठरलेलं. मी ठरवलं होतं, अकराला बायांवर सोपवून निघायचं. पण माधवी नसल्यावर माझ्याकडे सोपवावं असं कोणीच नाही. भाजी खाली लागली, ती दुसरी टाकावी लागली, मग पंगती वाढल्या. वस्तीत पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

वंदना झाली होती, लोक जेवून गेले होते. विहारापुढच्या सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. रामाजींच्या फोटोला पांढरा हार होता, फोटोतही सदऱ्याच्या गुंड्या वरपर्यंत लावलेल्या. मी फुलं वाहिली. माधवी पांढऱ्या साडीत मागे चुलीपाशी होती. मला बघून उठली.

"या ताई. वाट पाहून राह्यलो आम्ही."

"उशीर झाला गं. जे असेल ते वाढ मला. इथेच, उभ्याने खाते."

तिने पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं. मी पण बघितलं. भात होता, चांगला पंधरा माणसांचा होता. वरण होतं. तिने झाकण परत ठेवलं.

"उरलेलं आहे ताई."

"असू दे ना. पातेल्यात..." मी जीभ चावली.

"नाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "हे आमच्या घरचं आहे, आम्ही संध्याकाळी खाऊ. तुमी बोलावलेल्या आहा. मामाजीच्या दिवशी बोलावलेल्या माणसाले उरलेलं नाई वाढत मी. बसा, अर्धा तास लागन."

आणि तिने तांदूळ धुवायला घेतले. नागसेनने गुंडाळलेली सतरंजी माझ्या एकटीसाठी पुन्हा अंथरली. मैत्रेयीने ताट, तांब्या, पेला आणून ठेवला. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. उठले असते तर बोलावणं मोडून गेल्यासारखं झालं असतं, आणि बसले तर त्या घरातल्या, सकाळपासून राबलेल्या, बापाला पोचवून आलेल्या माणसांना मी माझ्यासाठी पुन्हा चुलीपुढे बसवत होते. मी म्हटलं, मी मदत करते. माधवी म्हणाली, तुमी बसा. मी बसले. त्या भर उन्हात, रिकाम्या मांडवात, एवढ्या मोठ्या सतरंजीवर मी एकटी मांडी घालून बसले होते आणि वस्तीतल्या बाया आपापल्या दारातून बघत होत्या.

भात झाला. तिने वाढला, वर वरण, बाजूला वांग्याची भाजी, तीही नवीन केलेली. मला वाटलं होतं, माझाही घसा बंद होईल. व्हायला पाहिजे होता. मी पहिला घास घेतला, तो गेला. दुसरा गेला. माधवी वाढत राहिली, मला नको म्हणता आलं नाही, आणि माझ्या घशाखाली सगळं सरळ उतरत गेलं. भूक लागली होती, आणि वरण फार चांगलं झालं होतं.